क्लोंडाइकच्या सुवर्णनगरीत

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मेळाव्यात प्रवासावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसांनी केली, तेव्हा विषय शोधण्यासाठी मला दूर जावे लागले नाही. आपण दैवज्ञ मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सोन्याच्या सहवासात वाढलो. परंतु सोने आपल्या घरात आले ते नेहमी लगडीच्या किंवा मोडीच्या रूपाने. ते धरणीच्या पोटातून कसे निघते, कोणते हात ते वर काढतात आणि काढून झाल्यावर त्या भूमीचे व त्या हातांचे काय होते, हे आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिले असेल. कोलारच्या प्रसिद्ध खाणीही २००१ साली बंद झाल्या. २०२४ च्या उन्हाळ्यात कन्येकडे व्हँकुव्हरला गेलो असता, कॅनडाच्या अगदी उत्तर टोकाकडील डॉसन सिटी हे गाव पाहण्याचा योग आला. एके काळी त्या नावाने साऱ्या जगाची झोप उडवली होती. त्या गावाची हकीकत आज आपणांस सांगणार आहे.

प्रथम स्थळाची कल्पना देतो. कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यात, अलास्काला लागून, युकॉन नावाचा प्रदेश आहे. त्याच नावाची महानदी त्यातून वाहते. व्हँकुव्हरहून विमानाने व्हाइटहॉर्स या राजधानीस पोहोचावे आणि तेथून मोटारीने सुमारे ५३० किलोमीटर उत्तरेस जावे, म्हणजे युकॉन आणि क्लोंडाइक या नद्यांच्या संगमावर डॉसन लागते. वाटेत तासन्‌तास मनुष्यवस्ती दिसत नाही. सूचिपर्णी वृक्षांचे अरण्य, मधून मधून सरोवरे, आणि रस्त्याच्या कडेला जांभळट गुलाबी फुलांचे ताटवे. ही फुले वणव्यात जळालेल्या जमिनीवर प्रथम उगवतात. उत्तर ध्रुववृत्त तेथून फार लांब नाही. त्यामुळे जूनच्या अखेरीस मध्यरात्रीनंतर सूर्य जेमतेम तीन तास क्षितिजाआड जातो आणि अंधार असा पडतच नाही. रात्री अकरा वाजता मुले रस्त्यात उन्हात खेळताना पाहून माझ्या पत्नीला ‘यांच्या आया यांना निजवतात तरी केव्हा?’ असा प्रश्न पडला.

आता इतिहास. १८९६ च्या ऑगस्ट महिन्यात क्लोंडाइकला मिळणाऱ्या एका ओढ्यात चार माणसांना सोने सापडले. जॉर्ज कार्मॅक हा एक गोरा, त्याची टॅगिश जमातीची पत्नी केट, तिचा बंधू स्कूकम जिम आणि त्यांचा भाचा डॉसन चार्ली. स्कूकम या शब्दाचा अर्थ बळकट. पहिला कण नेमका कोणाच्या दृष्टीस पडला याविषयी मतभेद आहेत. जिमच्या आप्तांच्या सांगण्यानुसार तो जिमला दिसला, कार्मॅक आपले नाव सांगत राहिला. एवढे मात्र खरे की १७ ऑगस्टला जमिनीचे खुंट ठोकले गेले, तेव्हा शोधकर्त्याचा मानाचा दावा कार्मॅकच्या नावे लागला. मूळ रहिवाशाच्या नावे तो मान्य होणार नाही, असे त्याने जिमला सांगितल्याची हकीकत आहे. केटच्या नावे तर काहीच लागले नाही, आणि चार वर्षांनी त्याने तिलाही टाकले. त्या ओढ्याला तोपर्यंत सशाचा ओढा म्हणत. पुढे त्याला बोनान्झा, म्हणजे घबाड, हे नाव पडले.

ही वार्ता बाहेरच्या जगात पोहोचायला वर्ष लागले. १७ जुलै १८९७ रोजी ‘पोर्टलंड’ ही आगबोट सिअ‍ॅटलच्या धक्क्याला लागली आणि वर्तमानपत्रांनी ‘टनभर सोने आले’ अशी आरोळी ठोकली. अमेरिकेत त्या वेळी मंदीमुळे हजारो लोक बेकार होते. कारकून, न्हावी, शिक्षक, ट्रॅमचे चालक, सगळे हातचे काम टाकून निघाले. सुमारे एक लाख माणसे घराबाहेर पडली आणि त्यांतील तीस ते चाळीस हजार डॉसनला पोहोचली, असा अंदाज आहे. उरलेली वाटेतून परतली किंवा वाटेतच संपली.

ती वाट कशी होती हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. अलास्काच्या किनाऱ्यावर उतरल्यावर डोंगर ओलांडायला दोन खिंडी होत्या. व्हाइट पासच्या खिंडीत सुमारे तीन हजार घोडी ओझ्याखाली मेली, म्हणून त्या वाटेला मेलेल्या घोड्यांची वाट हेच नाव राहिले. चिलकूट खिंडीत जनावर चढतच नसे. तेथे बर्फात सुमारे पंधराशे पायऱ्या कोरल्या होत्या आणि त्यावरून माणसांची एक अखंड काळी रांग मुंग्यांसारखी वर सरकत असे. त्या वेळची छायाचित्रे आजही अंगावर काटा आणतात. शिखरावर कॅनडाचे घोडदळ पोलीस उभे होते. वर्षभर पुरेल इतकी सामग्री बरोबर असल्याशिवाय ते कोणालाही पुढे सोडीत नसत, कारण तसे न केल्यास लोक पलीकडे उपासमारीने मेले असते. सारी सामग्री मिळून जवळजवळ टनभर भरे. ती पाठीवरून वर न्यायची, ठेवायची, घसरत खाली यायचे आणि पुन्हा ओझे उचलायचे. तीस-चाळीस खेपा कराव्या, तेव्हा एका माणसाचे सामान वर पोहोचे. ३ एप्रिल १८९८ रोजी त्या वाटेवर बर्फाचा कडा कोसळला आणि साठांहून अधिक माणसे गाडली गेली. खिंड ओलांडल्यावर सरोवराकाठी झाडे तोडून स्वतः होड्या बांधायच्या आणि बर्फ फुटताच नदीतून सुमारे नऊशे किलोमीटर प्रवास करायचा. १८९८ च्या मे महिन्याच्या अखेरीस सात हजारांहून अधिक होड्या एकदम निघाल्या.

आणि पोहोचल्यावर? त्यांना कळले की सोन्याचे सगळे ओढे आदल्या दोन वर्षांतच वाटले गेले आहेत. प्रथम पोहोचलेले बहुतेक लोक युकॉनच्याच खोऱ्यात पूर्वीपासून धडपडणारे जुने खाणकरी होते. एवढा द्रविडी प्राणायाम करून आलेली हजारो माणसे डॉसनच्या चिखलात नुसतीच इकडून तिकडे फिरत राहिली, काहींनी तर ओढ्यांकडे पाऊलही टाकले नाही. मला या साऱ्या कथेत याहून विलक्षण गोष्ट दुसरी वाटली नाही.

सोने काढण्याची रीत ऐकताना आपणांस आपला झारेकरी आठवेल. आपल्या दुकानांतील राख, केर, भट्टीखालची माती तो विकत घेई, पाण्यात घोळून घोळून हलका भाग वाहवून देई आणि तळाशी राहिलेले सोन्याचे कण वेचून काढी. क्लोंडाइकचा खाणकरी हा दुसरा तिसरा कोणी नसून सृष्टीच्या दुकानातील झारेकरी होता. डोंगराच्या पोटातले सोने लक्षावधी वर्षांच्या पाण्याने झिजून ओढ्यात आले होते आणि जड म्हणून वाळूतून खाली खाली जात खडकाच्या तळावर बसले होते. सोने पाण्याच्या एकोणीस पट जड आणि साधी वाळू अडीच पटींच्या आसपास, या एका भेदावर सगळा धंदा उभा होता. अडचण एवढीच की तेथील जमीन बारमाही गोठलेली आहे. वरचा हातभर थर उन्हाळ्यात वितळतो, खाली दगडासारखा बर्फ. म्हणून हिवाळ्यात, उणे चाळीस अंशांच्या थंडीत, रात्री जमिनीवर लाकडांची शेकोटी पेटवायची आणि सकाळी जेवढी माती मऊ झाली असेल तेवढी खणून रहाटाने वर काढायची. पुन्हा रात्री शेकोटी. असे करत विहीर तळाच्या खडकाला भिडली की आडवे बोगदे. वसंतात ओढे वाहू लागले म्हणजे ती साठलेली माती लाकडी पन्हळीतून धुवायची. पन्हळीच्या तळाशी आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असत, त्यांच्या आड सोने अडकून राही. सारा हिवाळा हातात माती, आणि ती सोन्याची की नुसतीच मातीची, हे मे महिन्यात कळणार!

बोनान्झा ओढ्यावर सहा क्रमांकाचा दावा प्रवाशांसाठी मोकळा ठेवला आहे. तेथे मीही तसराळे घेऊन बसलो. पाणी हाडे गोठवणारे. परंतु हाताला ती हालचाल परकी वाटली नाही. शेवटी चिमूटभर काळी वाळू उरली आणि तिच्या कडेला तीन पिवळे ठिपके. गुंजेचा विसावा भागही नसेल, पण तो पिवळा रंग ओळखायला कसोटी लागत नाही.

डॉसनमध्ये १८९८ साली नाण्यांची टंचाई होती, तेव्हा सोन्याची धूळ हेच चलन. प्रत्येक दुकानात, भोजनगृहात, नाचघरात काटा मांडलेला. गिऱ्हाइकाने चामड्याची थैली पुढे करायची आणि दुकानदाराने त्यातून धूळ तोलून घ्यायची. व्यापारात या कच्च्या सोन्याचा भाव औंसाला १६ डॉलर धरीत, म्हणजे आपल्या मापाने तोळ्याला सुमारे ६ डॉलर. शुद्ध सोन्याचा सरकारी दर औंसाला २० डॉलर ६७ सेंट होता. हे नैसर्गिक सोने शंभर नंबरी नव्हते. त्यात चांदीचा अंश बराच असे आणि कस ओढ्याओढ्यागणिक बदले. जाणकार मनुष्य नुसत्या रंगावरून अमका कण अमक्या ओढ्याचा असे सांगत असे. शिवाय लबाड मंडळी धुळीत काळी वाळू मिसळीत, ते निराळेच. तोलताना जमिनीवर सांडलेल्या कणांसाठी गुत्त्यांतील लाकडाचा भुसा धुऊन पाहणारी पोरे होती. आपल्या झारेकऱ्याची जात सर्व जगात एकच, असे मला वाटल्यावाचून राहिले नाही.

या गर्दीत धनवान कोण झाले, हे पाहणे उद्‌बोधक आहे. बेलिंडा मलरूनी नावाची तरुण स्त्री १८९७ साली कापड आणि गरम पाण्याच्या रबरी पिशव्या घेऊन आली. यापुढे सुट्या पैशांची गरज पडणार नाही, असे म्हणून तिने जवळचे शेवटचे नाणे नदीत फेकून दिल्याची आख्यायिका आहे. पाच हजार डॉलरचा तो माल तिने सहापट किमतीला विकला आणि पुढच्याच वर्षी गावातील उत्तम हॉटेल उभारले. थंडीत माणसाला काय हवे असते हे तिने ओळखले होते. उलट डिक लो याची गोष्ट पाहा. सरकारी मोजणीदार विल्यम ओगिल्व्ही याच्या हाताखाली तो साखळी धरण्याचे काम करी. मोजणीत दोन दाव्यांच्या मध्ये ८६ फूट रुंदीची एक चिंचोळी पट्टी बिनमालकीची निघाली. ती लोने घेतली. त्याला ती नकोशीच होती, परंतु नऊशे डॉलरलाही कोणी घेईना. नाइलाजाने त्याने खणले आणि त्या पट्टीने सुमारे पाच लाख डॉलरचे सोने दिले. तो १९०७ साली मरण पावला तेव्हा त्यातले काही उरले नव्हते. ओगिल्व्ही स्वतः मात्र सरकारी नोकर या नात्याने एकही खुंट ठोकता न राहिला. कोट्यवधींच्या जमिनी आपल्या हाताने मोजून दिल्या आणि रिकाम्या हाताने परत गेला. डॉसनच्या कथा सांगणारे लोक त्याच्याविषयी फारसे बोलत नाहीत. आपल्या मेळाव्यात त्याचे नाव निघावे, अशी माझी इच्छा होती.

१८९९ साली अलास्कात नोम येथील समुद्राच्या वाळूत सोने मिळाल्याची बातमी आली आणि ऑगस्टच्या एका आठवड्यात आठ हजार माणसे डॉसन सोडून गेली. तीस हजारांच्या आसपास गेलेली वस्ती १९०२ पर्यंत पाच हजारांच्या खाली उतरली. १९५३ साली राजधानीचा मानही व्हाइटहॉर्सकडे गेला. २०२१ च्या शिरगणतीत दीड हजारांहून थोडी अधिक वस्ती भरली. रस्ते अजून मातीचे आणि पदपथ फळ्यांचे आहेत. गोठलेल्या जमिनीवर घर बांधले की घराच्या उबेने खालचा बर्फ वितळतो आणि घर खचते. तिसऱ्या रस्त्यावर अशी दोन जुनी घरे एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून उभी आहेत. ती तशीच जपून ठेवली आहेत, हे विशेष.

एकेकट्या माणसाचे तसराळे गेले आणि कंपन्यांची यंत्रे आली. १९१२ साली बांधलेले चार क्रमांकाचे गाळ उपसणारे यंत्र बोनान्झाच्या काठी आज स्मारक म्हणून उभे आहे. आठ मजली लाकडी इमारत तळ्यात तरंगते आहे अशी कल्पना करा. पुढून पोलादी बादल्यांच्या माळेने खोऱ्याचा तळ उपसायचा, पोटात धुवायचा आणि मागून गोटे ओकायचे. १९५९ पर्यंत त्याने नऊ टन सोने काढले. गावात शिरताना मैलोगणती दिसणारे दगडगोट्यांचे वळसेदार ढीग ही त्याची आणि त्याच्या भावंडांची विष्ठा. इतकी वर्षे झाली तरी त्यांवर अनेक ठिकाणी धड गवत उगवत नाही. सोन्याचे काम आजही काही कुटुंबे तेथे करतात, फक्त फावड्याच्या जागी बुलडोझर आहे.

येथवरची हकीकत इंग्रजी पुस्तकांत मुबलक सापडेल. ज्या गोष्टीसाठी मी हा विषय निवडला ती आता सांगतो.

संगमावरची ती जागा ओसाड नव्हती. त्रोंडेक ह्वेचिन नावाच्या लोकांची ती फार पुरातन मासेमारीची वस्ती होती. क्लोंडाइक हा शब्दच त्यांच्या ‘त्रोंडेक’चा अपभ्रंश आहे. नदीत सामन मासे अडविण्यासाठी जे खुंट ठोकीत, ते ठोकण्याच्या दगडी हातोड्यावरून नदीला हे नाव पडले. म्हणजे ज्या शब्दाने जगाला सोन्याचे वेड लावले, त्याचा मूळ अर्थ एक साधे हत्यार! सोन्याची गर्दी लोटली आणि एका हंगामात त्यांची वस्ती गेली, लाकूड गेले, शिकार गेली, मासे गेले. त्यांचा प्रमुख आयझॅक याने आपले लोक पाच किलोमीटर खाली मूसहाइड या ठिकाणी नेले. त्याने गोऱ्यांशी भांडण केले नाही. परंतु पुढे काय वाढून ठेवले आहे हे त्याला दिसत होते. मुले नवी भाषा बोलणार, नाच-गाणी विसरणार. तेव्हा त्याने आपल्या जमातीची गाणी, नृत्ये आणि नृत्यात धरण्याचा मानाचा दंड, हे सर्व अलास्कातील आप्तांकडे नेऊन ठेव म्हणून स्वाधीन केले. आमच्याकडे हे टिकणार नाही, तुम्ही सांभाळा, आमची मुले मागायला येतील तेव्हा परत द्या, असा त्याचा भाव.

१९३२ साली आयझॅक वारला. मूसहाइडची शाळा १९५७ साली बंद झाली, लोक डॉसनमध्ये विखुरले. पण ठेव बुडाली नाही. १९९० नंतरच्या दशकात त्याची पतवंडे अलास्कात गेली, आप्तांकडून ती गाणी शिकून आली, आणि आता दर दोन वर्षांनी मूसहाइडला मेळा भरतो, त्यात ती गायिली जातात. १९९८ साली शासनाशी करार होऊन त्यांना स्वशासनाचे हक्क मिळाले. नदीकाठी त्यांचे ‘दानोजा झो’, म्हणजे फार पूर्वीचे घर, नावाचे संस्कृतिकेंद्र आहे. २०२३ साली युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा दिला तो ‘त्रोंडेक-क्लोंडाइक’ या जोडनावाने, आणि त्याचे कारणही हेच दिले की परकीयांच्या लोंढ्याला तोंड देत एक समाज कसा तगला याची साक्ष या भूमीत आहे. डॉसनचे सोने जगभर पसरले आणि वितळून कोणाच्या दातात, कोणाच्या अंगठीत गेले. गाणी मात्र जागेवर परत आली.

त्या केंद्रात बसलो असता मला माझ्या लहानपणची आळी आठवली, यात नवल नाही. १९६३ साली सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटांहून अधिक कसाचे दागिने घडविण्यास बंदी झाली. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. पुढे ते निर्बंध सैल झाले, १९६८ चा कायदाही १९९० साली रद्द झाला. पण मधल्या काळात आमच्या आळीतल्या निम्म्या बागेसऱ्या विझल्या त्या विझल्याच. कोणी गिरणीत गेला, कोणी टपाल खात्यात, कोणी शिकून वकील झाला. त्यात वाईट काही झाले असे मी म्हणत नाही. माझे स्वतःचे शिक्षण त्यामुळेच झाले. परंतु आज मूस, फुंकणी, टाकणखार हे शब्द माझ्या नातवाला ठाऊक नाहीत आणि ज्या हत्यारांवर संत नरहरी सोनारांनी परमार्थाचा अभंग रचला ती हत्यारे त्याने पाहिलेली नाहीत. आपल्या ज्ञातीत ऐंशीच्या पुढचे, हाताने ठुशी आणि पुतळ्यांची माळ घडविलेले कारागीर अजून आहेत. पुढच्या मेळाव्यापूर्वी कार्यकारी मंडळाने त्यांच्याकडे दोन तरुण पाठवावेत आणि त्यांचे शब्द, त्यांची रीत, भट्टीपाशी बसून म्हणत ते अभंग, सर्व ध्वनिमुद्रित करून घ्यावे, अशी सूचना मी या व्यासपीठावरून करतो. खर्चाचा पहिला वाटा मी देतो. आयझॅकला आप्तांच्या स्मृतीवर विसंबावे लागले, आपल्या खिशात तर यंत्रे आहेत.

डॉसनमध्ये जडजवाहिराची दुकाने आहेत. तेथील कारागीर नैसर्गिक सोन्याचा गोळा न वितळवता जसाच्या तसा अंगठीत किंवा साखळीत बसवतो, क्वचित त्याला खाणीत सापडलेल्या पुरातन मॅमथच्या दाताची जोड देतो. आपल्याला हे अर्धवट काम वाटेल. मी त्या कारागिराला आपण सोने आधी गाळतो असे सांगितले, तेव्हा तो म्हणाला की गाळले तर ते कोणत्या ओढ्याचे हे कळणार कसे? त्याचे म्हणणे मला पटले नाही, पण विसरताही आले नाही.

ज्यांना जाण्याची इच्छा असेल त्यांनी जून ते ऑगस्ट हा काळ साधावा. ऑगस्टच्या तिसऱ्या सोमवारी सोन्याच्या शोधाचा वार्षिक उत्सव असतो. उन्हाळा असला तरी लोकरीचे कपडे बरोबर हवेत आणि डासांसाठी औषध तर हवेच हवे. तेथील डासांपुढे आपल्या कोकणातले डास सज्जन म्हणावेत. शाकाहारी मंडळींनी व्हाइटहॉर्सलाच शिधा भरून घ्यावा. चिलकूटच्या खिंडीवरील पोलिसांचा तो नियम अजूनही शहाणपणाचा आहे. नदीपलीकडे जायला सरकारी होडी फुकट नेते. हिवाळ्यात मात्र तीच नदी गोठून रस्ता होते.